सॉबो म्हणजे शिंपी

बुडापेस्ट,
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, तुझा नितीन 'शिंपी' हे आडनाव बदलतोय, राजपत्रासाठीचा अर्जही भरून ठेवलाय. त्यानंतर तू बराच वेळ गप्प राहिलास. मी "बघू, करू दे त्याला" असं काहीतरी बोलून फोन ठेवला. तेव्हापासून ती तुझी गप्प राहण्याची मिनिटं डोक्यातून जात नाहीत. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला चाळीस वर्षं माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

लेकीच्या इमारतीच्या दाराशी घंटांची पितळी पाटी आहे. एकेका बटणासमोर एकेक आडनाव. त्यात एकच आडनाव दोनदा दिसलं. इंग्रजीतला 'एस', त्याला चिकटून 'झेड', पुढे 'ए', 'बी' आणि डोक्यावर रेघ असलेला 'ओ'. मी आपला 'झाबो, झाबो' वाचत होतो. लेक म्हणाली, "बाबा, ती दोन अक्षरं मिळून नुसता 'स' होतो. सॉबो. सॉबो म्हणजे शिंपी."

मी पायरीवरच थांबलो. बार्शीच्या पेठेतली तुझ्या अण्णांच्या शिंपीकामाच्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढे आली.

या शब्दाचं मूळ ऐक. इथे 'सॉब' असा एक धातू आहे. त्याचा अर्थ मापाने कापणे, म्हणजे आपलं अगदी तंतोतंत 'बेतणे'. सॉबो म्हणजे बेतणारा. शिवणाऱ्यावरून नाव पडलं नाही, बेतणाऱ्यावरून पडलं. अण्णा टेबलावर कापड पसरायचे, निळ्या खडूने खुणा करायचे आणि कात्री लावण्याआधी एकदा त्यावरून तळहात फिरवायचे, आठवतं ना? शिवायला दोन माणसं होती, पण बेतायचं काम त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही. शिवण चुकली तर उसवता येते, बेत चुकला की कापड गेलं, असं म्हणायचे. आणि गंमत बघ, आपल्याकडे 'बेतणे' आणि मनातला 'बेत' शेजारी बसतात, तसं इथे त्याच धातूपासून नियमाला शब्द झालाय, 'सॉबाय'. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांना सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं.

हंगेरीत हे आडनाव उदंड आहे. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पाच आडनावांत ते येतं, बाकीची चार म्हणजे नॉद्य, कोवाच, तोत आणि होरवात. नॉद्य म्हणजे मोठा, कोवाच म्हणजे लोहार. तोत आणि होरवात ही परक्या मुलखातून आलेल्यांची नावं, एक स्लोवाकांकडचं, दुसरं क्रोएशियाकडचं. आणि ही माणसं आडनाव आधी लावतात. आपल्या हजेरीपटासारखं. शिंपी दत्तात्रय विठोबा. सॉबो माग्दा.

हजेरीपट लिहिला आणि जे लिहायचं टाळत होतो तिथेच आलो. सातवीत एक मास्तर हजेरी घेताना 'शिंपी' म्हटलं की थांबायचे, दोन बोटांची कात्री करून हवेत चालवायचे. सगळा वर्ग हसायचा. दत्ता, मीही हसलोय. एकदा नाही, बरेचदा. तू माझ्याच बाकावर असायचास. इतकी वर्षं हे तुला म्हटलं नाही. आता म्हणतो, माझं चुकलं.

तर सॉबो माग्दा. ही बाई मला तुला भेटवायचीच आहे. जन्म १९१७ चा, देब्रेत्सेन गावचा. आधी कविता लिहायची. १९४९ मध्ये तिला इथला मानाचा बाउमगार्टन पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच दिवशी सरकारने तो काढून घेतला. ती मंत्रालयात नोकरीला होती, तीही गेली. मग ती प्राथमिक शाळेत शिकवू लागली. १९५८ पर्यंत तिचं काहीही छापून आलं नाही. नऊ वर्षं! लिहिणाऱ्या माणसाची ऐन तिशीतली नऊ वर्षं. त्या काळात तिने काय काय पोटात साठवलं असेल याचा विचार करतो तेव्हा गलबलतं. पुढे १९८७ मध्ये तिने 'दार' ही कादंबरी लिहिली. एक लेखिका आणि तिच्या घरी काम करणारी एमेरेन्स नावाची म्हातारी. ही म्हातारी अख्ख्या गल्लीची कामं करते, पण स्वतःच्या घराचं दार कुणाला उघडत नाही. मी ती इंग्रजीतून वाचली. शेवटाकडे पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आपल्या घरात वर्षानुवर्षं राबणाऱ्या बायकांना आपण कधी नीट विचारलंय का, कुठे राहता, काय खाता? २००७ मध्ये माग्दाबाई वारल्या, हातात पुस्तक असताना, असं सांगतात.

याच कादंबरीवर २०१२ मध्ये चित्रपट आला. दिग्दर्शक कोण? सॉबो इश्तवान! नात्यागोत्याचे नाहीत, एकाच आडनावाचे. याच इश्तवानच्या १९८१ च्या 'मेफिस्टो'ने हंगेरीला परभाषिक चित्रपटाचं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. पण नितीनने पाहावा असा त्याचा चित्रपट दुसराच आहे, १९९९ चा 'सनशाइन'. त्यातल्या ज्यू कुटुंबाचं आडनाव झोनेनशाइन. मोठ्या हुद्द्यावर चढायचं तर हे आडनाव चालणार नाही, म्हणून पोरं ते टाकून 'शोर्श' हे हंगेरियन आडनाव घेतात. पुढच्या पिढीत तेही त्यांना वाचवत नाही. तीन पिढ्यांचे तिन्ही पुरुष एकाच नटाने केलेत, रेफ फाइन्सने. शेवटी पणतू कचेरीत जाऊन जुनं आडनाव परत मागून घेतो.

हे नुसतं पडद्यावरचं नाही. त्या काळी इथे हजारो ज्यू आणि जर्मन घरांनी नावं बदलली. १८८१ मध्ये सरकारने नाव बदलायची फी पाच फोरिंटवरून पन्नास क्रायत्सारवर, म्हणजे अर्ध्या फोरिंटवर आणली, आणि मग अशा लोकांना 'पन्नास क्रायत्सारचे हंगेरियन' म्हणून हिणवायलाही लोक मोकळे झाले. म्हणजे बदललं तरी टोमणा चुकला नाही. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ज्याचं नाव आहे तो सॉबो एर्विन जन्माने श्लेसिंगर. त्याने सॉबो हे आडनाव घेतलं. विचार कर, कुणीतरी आपण होऊन 'शिंपी' आडनाव लावलं! तो १९१८ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचं जन्मगाव स्लानित्सा, आता स्लोवाकियात, तेही १९५३ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलं. उरलंय ते हे ग्रंथालय, एका जुन्या सरदाराच्या वाड्यात. सोनेरी नक्षीचं छत, झुंबरं, आणि त्याखाली कॉलेजची पोरं वह्या पसरून अभ्यास करतात. मी तिथे दोन दुपारी बसून आलो.

आता व्हायोलेटची गोष्ट. ही तर हंगेरियन नव्हेच. बाप इंग्रज, आई फ्रेंच. ही स्वतः लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये एका दुकानात अत्तरं विकायची. १९४० च्या जुलैत तिला एत्येन साबो भेटला (सॉबोच, बाहेर साबो म्हणतात), फ्रेंच फॉरिन लीजन या परदेशी सैनिकांच्या फ्रेंच पलटणीतला सैनिक, हंगेरियन वंशाचा. ऑगस्टमध्ये लग्न झालंसुद्धा. १९४२ च्या जूनमध्ये मुलगी झाली, तानिया. ऑक्टोबरात एत्येन इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत पडला. मुलीचं तोंडही त्याने पाहिलं नाही. मग ही बाई ब्रिटनच्या गुप्त सेवेत शिरली. एप्रिल १९४४ मध्ये पहिल्या कामगिरीवर फ्रान्समध्ये उतरली, काम करून सुखरूप परतली. परतताना पॅरिसहून लेकीला एक फ्रॉक आणला. जूनमध्ये परत गेली ती सापडली. रावेन्सब्रुकच्या छळछावणीत १९४५ च्या सुरुवातीला तिला गोळी घातली. वय तेवीस. १९४७ मध्ये राजाच्या हातून आईचं जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक घ्यायला चार वर्षांची तानिया राजवाड्यात गेली, तेव्हा तिच्या अंगावर तोच पॅरिसचा फ्रॉक होता.

जेमतेम दोन वर्षांच्या संसारातून मिळालेलं आडनाव. आज जग तिला त्याच नावाने ओळखतं.

रोमानियात राहिलेल्या हंगेरियनांतही सॉबो पुष्कळ. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची चार सुवर्णपदकं घेणारी एकातेरीना साबो घरची कातालिन. सर्वसाधारण विजेतेपद तिचं ०.०५ गुणाने हुकलं. २००० साली सिडनीत पाच हजार मीटर जिंकणारी गाब्रिएला साबो, दुसरी आलेली सोनिया ओसलिवन तिच्या मागे ०.२३ सेकंद. आणि इथला हंगेरीतलाच गिटारवाला गाबोर साबो १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावाच्या वेळी देश सोडून अमेरिकेत गेला आणि दहा वर्षांनी 'जॅझ रागा' या तबकडीसाठी स्वतः सतार वाजवली. तुझ्या थोरल्या भावाला हे नक्की सांग, तो शोधून ऐकेल.

हे सगळं नितीनला गप्प करायला लिहीत नाही. मला कळतं, इथल्या सॉबोला कुणी नाव ऐकल्यावर "म्हणजे तुम्ही कोण?" असं विचारत नाही. आपल्याकडे विचारतात. त्या प्रश्नाचा त्याला जाच होतो आणि तो जाच खरा आहे. मी वर्गात हसलो ते त्याच प्रश्नाचं दुसरं रूप होतं. तेव्हा त्याने बदललं तर तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि त्याच्याशी अबोला तर मुळीच धरू नकोस. पण अर्ज टाकण्याआधी त्याने अण्णांबद्दल तुझ्याकडून दोन तास ऐकावं एवढं मला वाटतं. त्याला अण्णा फार तर खाटेवरचे आठवत असतील. टेबलापाशी उभे असलेले नाही. नामदेवरायांनी मनाला गज आणि जिभेला कातर म्हटलंय ते पद अण्णा काम करताना गुणगुणायचे, तेही त्याच्या कानी पडलं नसेल.

एक काम कर. दुकान विकलं तेव्हा मापवह्या तू पेटीत घालून माळ्यावर टाकल्या होत्यास. लाल पुठ्ठ्याची जी पहिली वही होती, तिच्यात आपल्या दोघांच्या मुंजीच्या शर्टांची मापं आहेत, एकाखाली एक. ती शोध. माझी छाती तुझ्यापेक्षा इंचभर कमी होती म्हणून मी रुसलो होतो, आणि अण्णांनी माझ्यासमोर पुन्हा टेप लावून दाखवली होती. ते पान नितीनला दाखव आणि फोटो काढून मला पाठव.

वहिनींना नमस्कार. आम्ही दिवाळीच्या आधी येतोय. आल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडेच.

तुझा,
सुधाकर