माझी रात्र कधी असते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, खापरीला ऑफिसजवळ खोली घेतली आहे. भाडं भरून झालंय, एक तारखेला सामान हलवणार. महालातल्या आपल्या घरी वरच्या दोन खोल्या रिकाम्या असताना हे काय खूळ, असं आई म्हणेलच. म्हणून आधी माझा दिवस सांगते. सांबारवडीत मला किती तिखट चालतं ते तुम्हाला पाठ आहे. पण मी रात्री किती वाजता जेवते, हे कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता यायचं नाही. तुमचा काय दोष त्यात? माझं घड्याळच अमेरिकेचं.

न्यूयॉर्कला सकाळचे 9 वाजतात तेव्हा थंडीत आपल्याकडे संध्याकाळचे 7.30 असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत 6.30. ड्यूटीची वेळ बदलते ती यामुळे बाबा, कंपनीची मनमानी नाही. सध्या सुटायला पहाटेचे 3.30. तेव्हा मेट्रो बंद, म्हणून कंपनीची गाडी. ती वाटेत इतरांना सोडत येते आणि आपल्या गल्लीत शिरत नाही. अंग टेकेपर्यंत 5 वाजतात, 6 ला दूधवाला, मग भांड्यांचा नळ. खापरीला 4 वाजता मी पांघरुणात असेन.

आणि आई, गाडीच्या आवाजाने उठून तू चहा टाकतेस, ते "जाग आलीच होती" मला पटत नाही. रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि झोप मोडायची, याला काय अर्थ? अण्णांच्या वेळी आपण सगळे जागून बसलो होतो, तेवढं पुरे.

खोलीत कूलर आहे, खिडकीला जाड पडदा आहे, डबा लावलाय. ऑफिसातलीच मुलगी सोबत आहे. डब्यातलं वरण पातळ असतं, पण गरम असतं. डोक्याला तेल मात्र तूच लावायचंस, ते मला स्वतःला कधीच नीट जमलं नाही.

आता ऐका. दुपारी 12 च्या आत फोन नको. ती माझी रात्र, फोन तेव्हा गप्प ठेवलेला असतो. अडचण असेल तर अवश्य करा, तुमचे दोन्ही नंबर मोकळे ठेवलेत, वाजतीलच. शेजारच्या काकूंच्या फोनवरून लावलात तर 3 मिनिटांच्या आत दोनदा लावा, दुसऱ्यांदा वाजेल.

बाबा, साखर तपासण्याआधी बोट साबणाने धुवा आणि कोरडं करा. संत्रं सोललेल्या बोटाचा रस थेंबात मिसळतो आणि आकडा उगीच चढतो. मग तुम्ही जेवण टाळता, गोळी तेवढी घेता, आणि साखर खरंच खाली जाते. 70 च्या खाली दिसली तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. रागावले नाहीये हो.

घरच्या कूलरच्या ताट्या बदलायला माणूस सांगितलाय. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडाही घासायच्या. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो, पाणी फेकून ती जात नाहीत.

माझा शुक्रवार शनिवारी पहाटे संपतो. म्हणून शनिवारची पूजा सकाळी ठेवू नका, संध्याकाळी ठेवा. मी दुपारी निघून सीताबर्डीला मेट्रो बदलेन आणि चितार ओळी चौकात उतरेन. बाबांनी उन्हात घ्यायला यायचं नाही. साखर तपासायच्या नव्या पट्ट्यांची डबी आणते. जुनीचं झाकण उघडं राहिलं असेल तर त्या पट्ट्या दमट झाल्या समजा, टाकून द्या.

तुमची,
बबी