मी कॅथलिक का राहिलो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅथलिक चर्चमधील अत्याचाराचे एखादे प्रकरण वृत्तपत्रांत आले की, ‘तुम्ही अजून तिथेच कसे?’ असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण सद्भावनेने विचारतात आणि त्यांना खरोखरच उत्तर हवे असते, म्हणून हे पत्र.

जे घडले ते सौम्य शब्दांत मांडण्याची माझी मुळीच इच्छा नाही. २००२ मध्ये बॉस्टनच्या एका दैनिकाने धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि त्यांवर घातले गेलेले पांघरूण उघड केले, तेव्हा वर्षअखेरीस तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावे लागले. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाच्या, अहवालात तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि एक हजाराहून अधिक पीडित मुलांची नोंद झाली, तर २०२१ मध्ये फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने १९५० पासून धर्मगुरू व व्रतस्थांच्या (संन्यस्त बंधू-भगिनींच्या) अत्याचाराला बळी पडलेल्या अल्पवयीनांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा अंदाज दिला. या आकड्यांपेक्षाही मला अधिक छळते ती बदलीची रीत: तक्रार आली की धर्मगुरूला दुसऱ्या धर्मग्रामात पाठवायचे, तेथील आईवडिलांना काहीही सांगायचे नाही, आणि संस्थेची अब्रू वाचली असे मानायचे. या बातम्यांना चर्चविरोधी कारस्थान म्हणणाऱ्या माझ्या धर्मबांधवांशी मी सहमत नाही. बिशपांनी जे करायला हवे होते, ते पत्रकारांनी केले.

मग मी का राहिलो? माझ्या वडिलांच्या अखेरच्या रात्री एक वृद्ध धर्मगुरू आले, त्यांनी वडिलांच्या कपाळाला व तळहातांना तेल लावून तैलाभ्यंग संस्कार दिला, आणि कित्येक दिवस कुणालाही न ओळखणारे माझे वडील ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर म्हणाले. त्या धर्मगुरूंच्या चारित्र्याविषयी मला तेव्हा काही ठाऊक नव्हते, आजही नाही. वडिलांना जे मिळाले ते त्या धर्मगुरूंचे स्वतःचे नव्हतेच. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी अपात्र धर्मगुरूने दिलेला संस्कार व्यर्थ मानणाऱ्या डोनाटिस्ट पंथीयांना नेमके हेच सांगितले होते: बाप्तिस्मा ख्रिस्ताचा शिष्य पेत्राने दिला काय किंवा त्याचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच असतो. मिस्सेत, म्हणजे आमच्या सामुदायिक उपासनेत, मी पवित्र भाकरीच्या रूपात ख्रिस्तशरीर स्वीकारतो, ते वेदीवरच्या माणसाच्या पुण्याईवर विसंबून नव्हे. अर्थात, या शिकवणीची ढाल करून अपराध्याला त्याच वेदीवर उभे राहू देणे हा तिचा घोर दुरुपयोग आहे आणि तो झालेला आहे, हे मला इथेच नोंदवले पाहिजे.

दुसरे कारण सिएनाच्या संत कॅथरीन यांचे. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून आजच्या फ्रान्समधील आविन्योंला राहत होते, धर्माधिकारी ऐषारामात बुडाले होते. अशा वेळी कोणतेही अधिकारपद नसलेल्या या तरुणीने पोप अकरावे ग्रेगरी यांना पत्रांतून कठोर शब्दांत त्यांचे कर्तव्य बजावले. १३७७ मध्ये पोप रोमला परतले. कॅथरीन यांनी चर्चही सोडले नाही आणि बोलणेही सोडले नाही. पुढे १९७० मध्ये याच चर्चने त्यांना आचार्यपद (‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा थोर धर्मशिक्षकांचा मान) दिले.

२०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी कळवणे धर्मगुरूंना व व्रतस्थांना बंधनकारक केले आणि त्या खटल्यांवरील गोपनीयतेचे बंधनही उठवले. हे चांगले झाले, पण अपुरे आहे. ती सक्ती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवण्यापुरतीच आहे, पोलिसांना कळवणे त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे.

एक गोष्ट लिहिणे मला जड जाते. अनेक वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राने, लहानपणी एका धर्मगुरूने आपल्याशी काय केले ते मला सांगायला सुरुवात केली होती. मी त्याला वाक्य पुरे करू दिले नाही. ‘जुने झाले, आता कशाला उकरतोस? चर्चची बदनामी होईल,’ असे मी म्हणालो. पांघरूण घालणारे सारे बिशपच होते, असे मला त्यामुळे म्हणता येत नाही. पुढे मी पापनिवेदनात हे सांगितले, तेव्हा धर्मगुरूंनी मला आधी त्या मित्राकडे जायला सांगितले. मी गेलो, क्षमा मागितली, आणि या वेळी त्याचे सारे ऐकून घेतले.

तो आता मिस्सेला येत नाही आणि मी त्याला ये म्हणत नाही. तो अधिकार माझ्याकडे नाही. त्याने तक्रार लिहायला घेतली, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो, आणि चौकशीला बोलावणे आले की त्याच्याबरोबर मी जाणार आहे.

आपला,
एक कॅथलिक वाचक