वाणिज्याच्या छात्राध्यापकांना अकरावीचा वर्ग मिळावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि अर्थशास्त्र शिकवत असताना बी.एड.च्या छात्राध्यापकांचे पाठ पाहण्याचे कामही माझ्याकडे असते. त्या अनुभवावरून एका गंभीर उणिवेकडे लक्ष वेधू इच्छितो. राज्य मंडळाच्या शाळांत वाणिज्य शाखा अकरावीला सुरू होते. परंतु वाणिज्य पदवीधरांचे सराव पाठ मात्र अनेक ठिकाणी आठवी ते दहावीच्या वर्गांवरच घेतले जातात. तिथे त्यांच्या वाट्याला येते ते नववीच्या भूगोलातील अर्थशास्त्राचा परिचय करून देणारे प्रकरण, दहावीच्या भूगोलातील 'अर्थव्यवस्था आणि व्यवसाय' आणि बीजगणितातील 'अर्थनियोजन'. एवढ्यावर पाठांची संख्या भरत नाही, म्हणून उरलेले पाठ इतिहासाचे किंवा इंग्रजीचे होतात. पुढे एम.कॉम., बी.एड. होऊन हाच उमेदवार कनिष्ठ महाविद्यालयात रुजू होतो, तेव्हा रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची पहिली नोंदवही) शिकवण्याची त्याची पहिली वेळ प्रत्यक्ष नोकरीत येते.

हे विषय स्वतःला येणे आणि सोळा वर्षांच्या मुलांना शिकवता येणे यांत मोठे अंतर आहे. बँकेत पाच हजार रुपये भरले की बँक खाते नावे (डेबिट) करायचे, हे छात्राध्यापक फळ्यावर अचूक लिहितो. मागच्या बाकावरची मुलगी विचारते, "सर, पासबुकात तर हीच रक्कम जमा बाजूला दिसते, मग आपण नावे का लिहायची?" पासबुक हा बँकेच्या पुस्तकातील आपल्या खात्याचा उतारा आहे, आपल्या दृष्टीने बँक आपली ऋणको (देणे असलेली), तर बँकेच्या दृष्टीने आपण तिचे धनको (येणे असलेले), त्यामुळे एकाच व्यवहाराच्या दोन पुस्तकांतील बाजू उलट येतात. एवढे उलगडून सांगितले तर पुढचे बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि पासबुक यांच्या शिलकेतील फरकाचा मेळ, मुलांना सोपे जाते. "नियम तसा आहे, पाठ करा" असे उत्तर दिले, तर वर्षभर मुले घोकंपट्टीच करतात. अर्थशास्त्रातही हेच घडते. कांद्याचा भाव वाढल्याने मागणी घटणे हा मागणीचा संकोच, आणि भाव तोच असताना उत्पन्न घटल्याने मागणी कमी होणे हा मागणीचा ऱ्हास. पहिल्यात आपण भाव आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या त्याच मागणी वक्रावर सरकतो, दुसऱ्यात वक्रच डावीकडे जातो. हा फरक मुलांच्या मनात उतरवण्याचा सराव सूक्ष्म अध्यापनाच्या पाच-सात मिनिटांत, समोर आपलेच सहाध्यायी विद्यार्थी म्हणून बसलेले असताना, होऊ शकत नाही.

वेळ नाही, ही सबब इथे लागू पडत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी राखले; त्यांतील सोळा आठवडे दुसऱ्या वर्षी येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही नववी ते बारावी हा एकच माध्यमिक टप्पा मानला आहे. मग वाणिज्याच्या छात्राध्यापकाचा सराव दहावीपाशी का थांबावा?

निवडीच्या चाचणीतही या उणिवेवर उपाय नाही. पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरील भरतीसाठी घेतल्या जाणाऱ्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत दोनशे गुणांपैकी एकही गुण विषयज्ञानासाठी किंवा विषयाच्या अध्यापन पद्धतीसाठी नाही. ताळेबंद कसा शिकवावा हे प्रशिक्षणात पुरेसे घडले नाही आणि निवडीतही तपासले गेले नाही, तर त्याची किंमत अकरावीचे विद्यार्थी मोजतात. त्यांतही ज्यांना खासगी शिकवणी परवडत नाही, त्यांना ती अधिक मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यासाठी विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, वाणिज्य किंवा अर्थशास्त्र अध्यापन पद्धती घेणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकाला दुसऱ्या वर्षातील सोळांपैकी किमान आठ आठवडे कनिष्ठ महाविद्यालयाच्या वाणिज्य वर्गावर, त्याच विषयाच्या अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली द्यावेत. पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) तपासणारी व्यक्तीही त्याच विषयाची असावी. आज अनेकदा भाषेचे किंवा विज्ञानाचे प्राध्यापक अंतिम लेख्यांच्या (वर्षअखेरचा नफा-तोटा व ताळेबंद) पाठाला गुण देतात, आणि त्यांचा अभिप्राय साहजिकच फळ्यावरील अक्षर व आवाजाची पट्टी यांपुढे जात नाही. वाणिज्य पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम राबवणाऱ्या संस्थांनीही ही व्यवस्था पहिल्या तुकडीपासूनच लावून घ्यावी. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपले वर्ग त्यासाठी खुले करावेत. माझा वर्ग मी आनंदाने देईन.

आपला विश्वासू,
वाणिज्य विषयाचा एक शिक्षक, सातारा