आधी शेण तपासा

तबेल्यांतील म्हशींना हगवण लागताच प्रतिजैविके सुरू करावीत, हा आपल्या लेखातील सल्ला पटला नाही. जनावर नीट खाते, ताप नाही, तरी पातळ शेण थांबत नाही आणि ते खंगत जाते, तेव्हा संशय जोन्स रोगाचा, म्हणजे आतड्यांच्या जुनाट जिवाणूजन्य आजाराचा, घ्यावा. १८९५ पासून ठाऊक असलेल्या या आजारावर खात्रीचा औषधोपचार नाही. लागण बहुधा पारडेपणी होते, लक्षणे मात्र दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. शेणातील जंतू प्रयोगशाळेत वाढायला कित्येक आठवडे लागतात. रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीत सुरुवातीची लागण निसटू शकते. म्हणून एकाच नकारार्थी अहवालावर विसंबू नये. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या मुंबईत नमुना न पाठवताच सुई टोचायची ही कसली घाई? दुधात औषधाचा अंश उतरतो, ते वेगळेच.

– एक वाचक, गोरेगाव, मुंबई