केरीच्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. गोव्यातल्या पेडण्यातलं कुणी वाचत असेल, तर तेरेखोल नदीच्या मुखाशी पहाटे पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून उभ्या असणाऱ्या काकांना कृपया वाचून दाखवा.

जानेवारीत तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीनच्या कामासाठी पाच दिवस आलो होतो. साडेनऊला हजेरी, म्हणजे पहाट तेवढी माझी. सामानात 9 फुटी फ्लाय रॉड होता. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला शिकलो होतो, समुद्रावर मात्र पहिल्यांदाच. या मासेमारीत फ्लाय म्हणजे गळाला बांधलेले केस आणि पिसं, तिला वजन असं नसतंच. वजन जाड दोरीला असतं आणि फेकायची ती दोरी. पहाटेचा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीवर, त्यामुळे दोरी मजेत लांब जायची. जितकी लांब जाईल तितकं बरं, असं मला वाटायचं. सप्तमी गेली, अष्टमी गेली. मांडीभर पाण्यात उभं राहून खांदा भरून आला, पण एक ओढ लागली नाही.

नवमीला तुम्ही काठावरून ओरडलात, "मागे सर रे, मासो तुज्या फाटल्यान आसा!"

वळून पाहिलं. लाट फुटून जिथे परत फिरते तिथे काठाला समांतर एक खोलगट पट्टा होता, पाणी जरा गडद. त्यातून शेवटे नावाचे छोटे मासे दाटीने सरकत होते. त्यांच्या मागावर येणारा मासा तिथेच येणार. तो पट्टा तुडवून मी रोज आत जात होतो.

मग ओल्या वाळूत बसून तुम्ही हिशोब सांगितलात. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. म्हणजे मी उजेडाबरोबर यायचो आणि पाणी उतरायला लागायचं. "एकादशीला सव्वाआठपर्यंत चढतं पाणी," तुम्ही म्हणालात. मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक होतं माझ्याकडे, पण ते बघून असं काही सुचलं नव्हतं. पाण्यात पाय उचलून टाकू नको, घासत चाल, वाळूत काटा मारणारी पाकट लपलेली असते, हेही तुम्हीच बजावलंत.

दशमीला ओढ लागली. सवयीने मी रॉड उचलला आणि फ्लाय सुटली. "काठी कशाला उचलतोस? दोरी ओढ, हातानं!" खाऱ्या पाण्यातले फ्लायवाले हेच सांगतात. मी ते वाचलंही होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. तुमचा जन्म गरीची, म्हणजे गळाची, दोरी हातात धरण्यात गेला, तुम्हाला ते सांगावं लागलं नसेल.

एकादशीला कोरड्यात उभा राहिलो आणि दोरी पट्ट्यातच तिरकी टाकली, वीस फूटसुद्धा नाही. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला ती दगडात अडकल्यासारखी थांबली. हाताने ओढली. चणक, म्हणजे जिताडा! पाण्याबाहेर येऊन त्याने डोकं झाडलं तेव्हा कल्ल्यांचा खडखडाट ऐकू आला. हातभर असेल. मी धरायला वाकलो तर तुम्ही मनगट पकडलंत, कल्ल्याची कड सुरीसारखी कापते म्हणून. स्वतःचा हात ओला करून त्याचा खालचा जबडा अंगठ्यात धरलात. तिरप्या उन्हात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा दिसला. तो मी अजून विसरलेलो नाही.

घेऊन जा म्हणालो, तर "आज एकादशी" म्हणून हसलात. दोघांनी मिळून सोडला. चणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. एवढासा तो नरच असणार, त्याला अजून बरीच वाढ आहे.

त्या दिवशी पाग न टाकता तुम्ही तासभर माझ्यापाशी थांबलात, काका. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

जाताना ती फ्लाय तळहातावर फिरवून तुम्ही "हे तर तारलंच" म्हणालात, म्हणजे तारली मासळीच. माझ्याकडे तेव्हा ती एकच उरली होती, म्हणून देता आली नाही. आता तुमच्यासाठी पाच बांधून ठेवल्यात. त्यांना डोळ्यांचे मणी जरा जड घातलेत, म्हणजे तुमच्या गरीलाही चालतील. मार्चमध्ये त्याच मशीनच्या कामाला येतोय, तेव्हा घेऊन येतो.

आपला,
पुण्याचा काठीवाला