पातळ फळ्यांचा सांधा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पेटीच्या झाकणासाठी सागवानाच्या ६ मिमी फळ्या जोडायच्यात, तर लांब क्लॅम्प घेऊ का, असं तू विचारलंस. नको घेऊस. इतक्या पातळ फळ्या लांब क्लॅम्पने आवळल्या की मधोमध वर उचलल्या जातात, कारण दाब जाडीच्या बरोबर मध्यावर येत नाही. आणखी आवळलं की बाक आणखी वाढतो. पातळ कामात सांधा रंध्यानेच जमवायचा. दाबाचं काम फक्त तो धरून ठेवण्याचं.

म्हणून सगळा जीव कडांवर लाव. शेजारी येणाऱ्या दोन फळ्यांच्या दर्शनी बाजू आत घेऊन पुस्तकासारख्या मिट, कडा वर करून शिकंज्यात धर आणि दोन्हींवर एकदम रंधा मार. हात थोडा तिरका गेला तरी एकीचा कोन दुसरी भरून काढते. मग एक कड दुसरीवर ठेवून उजेडाकडे धर. मध्ये केसभर फट चालेल, टोकांना मात्र अजिबात नको. टोकांतून ओल सर्वांत लवकर ये-जा करते आणि सांधा तिथूनच उघडतो.

आता बैठक, म्हणजे क्लॅम्पऐवजी पाचरी ठोकून फळ्या आवळायचा पाट. सपाट १८ मिमी प्लायवर एक पट्टी स्क्रूने पक्की कर. फळ्यांची एकूण रुंदी अधिक पाचरांची जागा सोडून समांतर दुसरी पट्टी बसव. पाचरी जोडीने लागतात, ८ ला १ उताराच्या, एकमेकींच्या उलट दिशेने सरकणाऱ्या. पाचर आणि फळी यांच्यामध्ये ६ मिमी जाडीचीच एक पट्टी घाल, म्हणजे दाब मध्यावर येतो. ही पट्टी विसरलास तर बाकीची मेहनत फुकट. सांध्यांच्या खाली प्लास्टिकचा कागद हवाच, नाहीतर झाकण प्लायलाच चिकटेल.

सागवान तेलकट. डिंक लावण्याआधी कडा अ‍ॅसिटोनने पूस आणि वाळल्या की लगेच कामाला लाग. उशीर झाला तर तेल पुन्हा वर येतं. फेविकॉल एका कडेवर बारीक रेघेने ओत, बोटाने पसरव, दोन्ही कडा ओल्या दिसल्या पाहिजेत. उन्हाळ्यात पंखा बंद ठेव, डिंकावर साय फार लवकर धरते. पाचरी आधी हाताने सरकव. मग फळ्यांवर आडव्या, खालून सेलोटेप लावलेल्या दोन जाड पट्ट्या ठेव, त्यांवर विटा, आणि त्यानंतरच पाचरींना हातोडीचे हलके ठोके दे. हा क्रम उलटा केलास तर फळ्या आधीच उचलल्या जातील आणि विटा त्यांना खाली बसवू शकणार नाहीत. सांध्यावर डिंकाचे बारीक मणी सलग दिसले की थांब. ओघळ आले तर डिंक जास्त झाला. काहीच दिसलं नाही, तर सांधा उपाशी राहिला, लगेच सोडवून पुन्हा लाव.

बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसू नकोस. तो पातळ होऊन छिद्रांत शिरतो आणि तिथे पॉलिश धरत नाही. रबरासारखा झाला की पटाशीने खरवड.

दुसऱ्या दिवशी पाचरी काढ, पण रंधा किंवा पॉलिश पेपर मारायची घाई नको. डिंकातल्या पाण्याने सांध्यालगतचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलंस तर सुकल्यावर तिथे खाच पडते आणि पॉलिशखाली ती ठळक दिसते. फळी दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उभी ठेव, निदान तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडा.

शेवटी झाकण चौकटीच्या खाचेत बसवताना चारही बाजूंना डिंक लावू नकोस. ३०० मिमी रुंदीचा सागवान ऋतूनुसार दोनेक मिमी आकसतो-फुगतो. आत्ता, उन्हाळ्यात बसवत असशील तर रुंदीच्या दोन्ही बाजूंना खाचेत दीड-दोन मिमी मोकळी जागा सोड आणि प्रत्येक टोकाला रुंदीच्या मध्यावर डिंकाचा एकेकच थेंब लाव. खाचेची खोली किती धरली आहेस ते कळव, म्हणजे चौकटीची मापं मी काढून पाठवतो.

तुझा,
दिलीप