चेंडू हाती येण्याआधीची पावले : माझ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

प्रशिक्षकांच्या शिबिरात दुपारची विश्रांती सोडून आपण आम्हा काही जणांना अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीफन करीचे खेळ दाखवले आणि भरपूर गुण करणारा मोठा खेळाडू स्वतःसाठी मोकळा जंप शॉट (उडी मारून रिंगकडे फेकलेला चेंडू) कसा मिळवतो, हे थांबून थांबून समजावले, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. खासगी पत्र न लिहिता सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, जे आपण मला दिले ते तालुक्याच्या ठिकाणी सिमेंटच्या कोर्टवर मुलामुलींना खेळवणाऱ्या इतर प्रशिक्षकांपर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपण सर्वांत आधी आम्हाला चेंडूवरची नजर काढायला लावली. करीची आणि त्याच्या बचावपटूची पावले एवढेच पाहायचे, चेंडू कुठे आहे ते विचारायचेही नाही, अशी आपली अट होती. त्या दिवशीचा एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. करीने रिंगसमोर, कोर्टच्या मध्याकडे उभ्या असलेल्या आपल्या सहकाऱ्याकडे, ड्रेमंड ग्रीनकडे पास दिला आणि आपले काम झाले अशा सहज चालीने तो दोन पावले बाजूला गेला. बचावपटूची मान चेंडूकडे वळली. आपण चित्र तिथेच थांबवले आणि बचावपटूच्या टाचा दाखवल्या. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या, गुडघे सरळ झाले होते. पुढच्या क्षणी करी कोपऱ्याकडे धावत सुटला होता, ग्रीनचा परतीचा पास त्याच्या हातात होता आणि बचावपटू एका हाताचे अंतर राखण्याऐवजी दोन पावले मागे पडला होता. पास दिल्यानंतरचा तो एक सेकंद बहुतेक खेळाडूंसाठी विश्रांतीचा असतो आणि करीसाठी तोच कामाचा असतो, हे आपण एका वाक्यात सांगितले. कोपराच का, हेही आपण सांगितले होते. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये तीन गुणांची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर असते, पण कोपऱ्यात ती २२ फुटांवर येते, म्हणजे तेवढेच तीन गुण जवळजवळ दोन फूट जवळून मिळतात.

स्क्रीनविषयी, म्हणजे सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभे राहून त्याला अडवण्याविषयी, आपण जे शिकवले ते माझ्या प्रशिक्षणात सर्वाधिक उपयोगी पडले आहे. स्क्रीन लावणाऱ्या खेळाडूने हालचाल करून बचावपटूला अडवले तर फाउल त्याच्यावरच पडतो, म्हणून त्याने स्थिर उभे राहायचे. मग बचावपटूला त्या स्थिर देहावर नेऊन अडकवण्याची जबाबदारी शूटरची असते. त्यासाठी शूटरने घाई न करता थांबायचे, आधी रिंगकडे किंवा बेसलाइनकडे (रिंगमागच्या सीमारेषेकडे) संथ चालत बचावपटूला सोबत ओढून न्यायचे आणि मग आपला खांदा स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला जवळजवळ घासेल इतक्या जवळून एकदम वेगाने निघायचे, कारण त्या दोघांच्या मधून बचावपटूला वाट मिळाली तर स्क्रीनचा काही उपयोग उरत नाही. संथ आणि वेगवान यांच्यामधला हा फरक नुसत्या वेगापेक्षा अधिक मोलाचा आहे, हे मला आपल्यामुळे कळले.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणून आपण करीला बाजूला ठेवून रिचर्ड हॅमिल्टनचा खेळ दाखवला, हे मला विशेष आवडले. २००४ साली डेट्रॉइट पिस्टन्सने एनबीएच्या अंतिम मालिकेत लेकर्सना ४-१ असे हरवले, त्या संघात हॅमिल्टन होता. तो तीन गुणांच्या रेषेच्या बरेच आतून शॉट घेत असे आणि त्याचे जवळजवळ सगळे काम चेंडूशिवाय चालत असे. बेन वॉलेससारखा धिप्पाड खेळाडू स्क्रीन लावायचा, चॉन्सी बिलप्स पास द्यायचा आणि त्या दोघांच्या मध्ये हॅमिल्टन बेसलाइनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अखंड धावत राहायचा. बचावपटू मागून पाठलाग करत असेल तर तो स्क्रीनभोवती आत वळून फ्री थ्रो रेषेच्या (रिंगसमोरच्या मोफत फेकीच्या रेषेच्या) टोकावर चेंडू घ्यायचा. बचावपटूने वेळ वाचवण्यासाठी स्क्रीनच्या खालून जवळची वाट धरली तर तो आत न वळता उलट दूर कोपऱ्याकडे सरकायचा. आणि बचावपटू स्क्रीनच्या वरच्या बाजूला आधीच जाऊन उभा राहिला तर तो मागून सरळ रिंगकडे शिरायचा. आपण हे पुन्हापुन्हा दाखवून आमच्याकडून वदवून घेतले की, हॅमिल्टन यांपैकी काहीही आधी ठरवून धावत नाही. बचावपटू काय निवडतो ते पाहून त्याची वाट ठरते. मोकळा शॉट मिळवणे म्हणजे बचावपटूला निवड करायला भाग पाडणे आणि त्याने जे सोडले ते घेणे, ही आपली व्याख्या मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

चेंडू पकडण्याच्या क्षणाविषयीही आपण बारकाईने बोललात. मोकळी जागा एका सेकंदाहून कमी वेळ टिकते, म्हणून पकडल्यानंतर गुडघे वाकवायला वेळच नसतो. कंबर आधीच खाली, हात आधीच पुढे आणि पावले रिंगच्या दिशेने पडण्याच्या बेतात असावी लागतात. या संदर्भात आपण सांगितलेली करीच्या शालेय वयातील गोष्ट मी माझ्या संघातल्या मुलींना आवर्जून सांगते. तो शरीराने लहान असल्यामुळे चेंडू कमरेपासून उचलून फेकत असे आणि तसा शॉट मोठ्या खेळाडूंकडून सहज अडवला जाई, तेव्हा त्याचे वडील डेल करी यांनी, जे स्वतः एनबीएतील नामवंत शूटर होते, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची शॉटची पद्धत मुळापासून बदलून चेंडू डोक्याच्या वरून सुटेल अशी करून घेतली. तो उन्हाळा करीला फार जड गेला, पण त्यानंतर त्याला मिळालेली जागा थोडी असली तरी पुरू लागली. जागा निर्माण करणे आणि शॉट लवकर सोडणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे मुलींना या गोष्टीतून लवकर पटते.

चेंडू हातात असताना जागा कशी काढतात, यासाठी आपण १४ जून १९९८ चा शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनचा शॉट निवडला होता. युटा जॅझविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात बुल्स एका गुणाने मागे होते. जॉर्डन उजवीकडे इतक्या जोराने शिरला की युटाच्या ब्रायन रसेलला आपले सगळे वजन मागे टाकावे लागले, आणि त्याच क्षणी जॉर्डन थांबला. घड्याळात ५.२ सेकंद उरले असताना बुल्स ८७-८६ असे पुढे गेले. जॉर्डनचा हात रसेलला लागला होता की नाही, यावर लोक आजही वाद घालतात. आपण तो वाद बाजूला ठेवून आम्हाला रसेलच्या पायांकडे पाहायला सांगितले. ज्या खेळाडूच्या रिंगकडे शिरण्याची धास्ती नाही, त्याच्या थांबण्याने कोणीही घसरत नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. म्हणूनच मी मुलींना जंप शॉटच्या आधी ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन घेतलेला शॉट) पक्का करायला लावते.

त्याच संघाचा त्याआधीच्या वर्षीचा प्रसंग आपण लगेच जोडून दाखवला, आणि खरे सांगायचे तर त्या दुपारी मला सर्वांत जास्त आनंद त्याने दिला. १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, पुन्हा युटाविरुद्धच, गुणसंख्या ८६-८६ अशी बरोबरीत असताना सगळ्यांना माहीत होते की चेंडू जॉर्डनकडे जाणार. युटाचा जॉन स्टॉकटन आपला खेळाडू सोडून जॉर्डनवर धावला, जॉर्डनने पास दिला आणि स्टॉकटनने सोडलेल्या स्टीव्ह कर याने मोकळा जंप शॉट घालून ती मालिका जवळपास संपवली. तोच कर २०१४ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने करीभोवती असा खेळ उभा केला की करीच्या भीतीचा लाभ बाकीच्या चौघांना मिळावा. करी स्वतः दुसऱ्यासाठी स्क्रीन लावतो, तेव्हा त्याचा बचावपटू त्याला सोडून मदतीला जायला कचरतो आणि त्या कचरण्यात ज्याच्यासाठी स्क्रीन लावली तोच मोकळा सुटतो. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची असलेला, संघातला सर्वांत भेदक शूटर स्क्रीन लावायला जातो, यातला मोठेपणा आपण ज्या कौतुकाने सांगितला, ते कौतुक आता माझेही झाले आहे.

१४ डिसेंबर २०२१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये करीने रे ॲलनचा २,९७३ थ्री पॉइंटरचा (तीन गुणांच्या शॉटचा) एनबीए विक्रम मागे टाकला, तेव्हा ॲलन आणि त्याच्या आधीचा विक्रमवीर रेजी मिलर हे दोघेही तिथे हजर होते. तिघांचीही ख्याती नुसत्या नेमबाजीची नव्हे, तर स्क्रीनभोवती बचावपटूंना दमवण्याची आहे, हे आपण सांगितले नसते तर माझ्या लक्षात आले नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचा अंतिम सामना भारतात मध्यरात्र उलटल्यावर सुरू झाला आणि आपल्या शिकवणुकीमुळे तो मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. फ्रान्सविरुद्ध करीचे २४ गुण झाले, तेही सगळे आठ थ्री पॉइंटरमधून. शेवटचा शॉट त्याने निकोला बातुम आणि एव्हान फुर्निए या दोघांच्या हातांवरून घेतला आणि जगभर तोच दाखवला गेला. माझ्या मते मात्र तो मुलांना शिकवण्यासारखा शॉट नाही. शिकवण्यासारखे काही असेल तर ते त्याआधी संपूर्ण सामनाभर दोन-दोन बचावपटूंना आपल्यामागे धावायला लावणारे त्याचे चेंडूशिवायचे खेळणे आहे.

आता आमच्या कोर्टविषयी. शिबिरानंतर मी सरावाचा पहिला भाग चेंडूशिवाय घेऊ लागले. स्क्रीनसाठी एक मुलगी उभी राहते, एक शूटर आणि एक बचावपटू, आणि शूटरने निघण्याच्या क्षणी बचावपटू कुठून येत आहे ते मोठ्याने सांगायचे : “मागून”, “खालून” किंवा “वरून”. सुरुवातीला मुली धावून झाल्यावर सांगायच्या. हळूहळू सांगणे आधी आणि धावणे नंतर, असा क्रम बसला. नववीतली एक मुलगी आमच्या संघात सर्वांत बुटकी आहे आणि तिचा शॉट चांगला असूनही उंच मुलींसमोर तिला तो घेताच येत नसे. मागच्या एका सामन्यात ती तिच्या बचावपटूला घेऊन अगदी बेसलाइनपर्यंत रमतगमत चालत गेली, मान किंचित वळवून तिने बचावपटूला स्क्रीनखालून सुटताना पाहिले आणि आत वळण्याऐवजी ती मागे कोपऱ्यात सरकली. पास आला तेव्हा तिची कंबर खाली होती आणि समोर कोणीही नव्हते. शॉट गेला. बाकावरच्या मुलींनी “खालून!” म्हणून एकच ओरडा केला, आणि मी त्या वेळी मनातल्या मनात आपल्याला नमस्कार केला.

सर, आपल्याकडे आणखी एक मागणे आहे. आमच्या भागातले बहुतेक शालेय संघ झोन डिफेन्स (खेळाडूऐवजी जागा वाटून घेऊन केलेला बचाव) खेळतात आणि आता या मुलीला ओळखू लागल्यामुळे काही संघ चौघींचा चौकोन करून पाचवी केवळ तिच्यावर सोडतात. टोरंटो रॅप्टर्सनी २०१९ च्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात करीवर हाच बॉक्स-अँड-वन डिफेन्स वापरला होता, हे मला माहीत आहे. त्या सामन्यात वॉरियर्सना शेवटी बराच वेळ एकही गुण मिळाला नाही आणि अखेर करीवर दोघे धावले असताना मोकळ्या राहिलेल्या आंद्रे इग्वोडालाने थ्री पॉइंटर घालून विजय पक्का केला. मला समजून घ्यायचे आहे ते त्या मधल्या कोरड्या मिनिटांविषयी. चौकोनातील कोणत्या खेळाडूवर स्क्रीन लावली असती तर करी सुटला असता, आणि चेंडूपासून दूरच्या बाजूला तो उभा राहिला असता तर चौकोन कुठे फुटला असता? सुट्टीत आपल्याला सवड असेल तेव्हा तो सामना मला आपल्यासोबत बसून पाहायचा आहे. त्या मुलीलाही सोबत आणण्याची परवानगी असावी.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
शालेय मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक